वयात येणाऱ्या मुलामुलींचं वाढतं वजन : मराठवाड्यातल्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींविषयी आहेत. लातूर-नांदेडपासून जालना-हिंगोलीपर्यंतच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि कधीकधी मुलांनी स्वतः ते पाठवले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि जिथे दोन उत्तरं एकमेकांत गुंतली आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथलं वाचून कुठलीही चालू गोळी बंद करू नका आणि नवी सुरूही करू नका.

१. लेकरू जाड आहे की नुसतं अंगानं भरलेलं, हे घरी कसं ओळखायचं?

नजरेवर जाऊ नका, नजर फसते. ज्या घरात सगळेच अंगानं भरलेले असतात तिथे जाड मूल 'नॉर्मल' वाटतं, आणि सडपातळ घरात जरा गाल वर आले तरी घाबरगुंडी उडते. वजन आणि उंची मोजा. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा झाला बीएमआय. १४ वर्षांचा मुलगा, वजन ६० किलो, उंची १५५ सेंटीमीटर, तर बीएमआय जवळपास २५ येतो.

हा २५ मोठ्या माणसाच्या मापानं वाचायचा नाही. वाढत्या वयात दर वर्षी सीमा बदलते, आणि मुलगा-मुलगी यांच्या सीमा वेगळ्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलासाठी १८.५ च्या वर आणि मुलीसाठी १९ च्या वर जादा वजन धरतात. १४ व्या वर्षी हीच सीमा मुलासाठी २१.८ आणि मुलीसाठी २२.७ आहे. लठ्ठपणाची रेषा त्या वयात मुलासाठी २५.९, मुलीसाठी २७.३. म्हणजे वरचा मुलगा जादा वजनात बसतो आणि लठ्ठपणाच्या रेषेपासून फार लांब नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी वेगळे तक्ते काढले आहेत. ते थोडे आधी सावध करतात, कारण त्यांच्या रेषा प्रौढपणीच्या २३ आणि २७ या आकड्यांना जुळवलेल्या आहेत. बालरोगतज्ज्ञाकडे हा तक्ता मागा आणि दर सहा महिन्यांनी त्यावर ठिपका मांडून घ्या. एका ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची चढण जास्त सांगते.

तक्ता हाताशी नसेल तर शिवणकामाची टेप घ्या. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर दवाखान्यात दाखवायला हवं.

२. आपल्याकडे दुष्काळ, कुपोषण. इथे कुठे आला लठ्ठपणा? हे पुण्या-मुंबईचं दुखणं नाही का?

दोन्ही आहेत, आणि बऱ्याचदा एकाच वर्गात. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातली १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानानं कृश आढळली, आणि ५ टक्के जादा वजनाची किंवा लठ्ठ. कृश मुलं अजूनही कितीतरी जास्त आहेत, हे कुणी विसरू नये. पण दुसरा आकडा वेगानं चढतो आहे. जगभरातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एकत्र मांडलेल्या अंदाजानुसार भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० साली सुमारे ४ लाख होती, २०२२ साली ती सुमारे सव्वा कोटी झाली.

जिल्ह्याच्या गावी, तालुक्याला, मोठ्या बाजारपेठेच्या खेड्यात शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभं राहिलं की हे आकडे समोरून चालत येतात. दुष्काळी भागाला लठ्ठपणा होत नाही, ही समजूत सोडून द्यावी लागेल. उलट दुष्काळाचा त्याच्याशी एक वेगळाच धागा आहे. तो पुढच्या प्रश्नात.

३. जन्मताना वजन सव्वादोन किलोच होतं. आता सातवीत पोट सुटलंय. याचा काही संबंध असतो का?

असतो, आणि हा प्रश्न आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं, स्नायूंनी बारीक निघाली, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. दिसायला रोड आणि आत चरबी, अशी ही ठेवण.

आईच्या पोटात असताना अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर आहे तेवढं साठवून ठेवायला शिकतं. पुढे शाळेच्या वयात खाणं मुबलक झालं आणि हालचाल घटली, की तीच सवय अंगाशी येते. बीड, परभणी, जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबांत बाई गरोदरपणातही फडावर कोयता चालवते, पहाटेपासून मोळ्या वाहते, दोन वेळचं धड जेवत नाही. तिचं कमी वजनाचं लेकरू पुढे शिकायला शहरात जातं, तेव्हा त्याच्यासाठी धोक्याची रेषा इतरांपेक्षा अलीकडे असते. अशा मुलाचं वजन तक्त्यात जेमतेम 'बरोबर' असलं तरी पोटाचा घेर बघा. आणि जन्मताना कमी वजन होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

म्हणूनच बारक्या बाळाला 'सुधारण्यासाठी' दूध-साखर, बिस्किटं, तूप-भात भरवत राहणं बरोबर नाही. त्याला डाळ, अंडी, शेंगदाणे, भाज्या, फळं लागतात.

४. वजन वाढण्याचं खरं कारण कोणतं? खाणं, मोबाइल की रक्तातलं?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शाळकरी मुलांच्या पाहण्यांत जादा वजनासोबत काही गोष्टी पुन्हापुन्हा आढळतात: आईवडिलांचं वजन जास्त असणं, बरी आर्थिक स्थिती, शहरात राहणं, खासगी शाळा, पडद्यासमोरचा वेळ, मैदानी खेळ नसणं, बाहेरचं तळलेलं आणि गोड पेय, सकाळचं न खाता निघणं, अपुरी झोप.

पण सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. खासगी शाळेच्या भिंतीत चरबी नसते. तिथे दारात व्हॅन येते, शाळेला मैदान नसतं, सुटली की ट्यूशन असते आणि खिशात वीस रुपये असतात. वजन त्या दिनक्रमानं वाढतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाचा दिनक्रम तसाच झाला तर त्याचंही वाढेल, आणि तसं होऊ लागलं आहे.

कधी तर उलटा प्रवाह असतो. जाड मुलाला कबड्डीत कुणी संघात घेत नाही, पळताना हसतात, मग ते घरी मोबाइल घेऊन बसतं. पाहणीत 'मोबाइल बघणारी मुलं जाड' एवढंच दिसतं. आधी काय झालं ते दिसत नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे दुपारी चार ते रात्री आठ ही वेळ. पूर्वी या वेळात मूल सायकलवर, शेताकडे, गल्लीत असायचं आणि रात्री भुकेनं जेवायचं. आता ते भुकेलं घरी येतं, आई कामावर किंवा शेतात असते, हाताशी शेव-चिवडा, टोस्ट, नूडल्स असतात, मग क्लास, मग पडदा. या चार तासांत पोटभर खरं अन्न आणि तासभर खेळ आला, तर बाकीचं बरंच आपोआप मार्गी लागतं. शाळेतून आल्यावर सरळ वरण-भाकरी वाढा. रात्रीचं कमी जेवलं तरी बिघडत नाही.

झोपेचं प्रश्न ९ मध्ये, खेळाचं १० आणि ११ मध्ये आहे.

५. आम्ही दोघंही जाड आहोत. रक्तातच असेल तर धडपड करून काय उपयोग?

अंगकाठीचा कल आईबापाकडून येतो हे खरं. पण गेल्या तीस वर्षांत आपलं रक्त बदललेलं नाही आणि मुलांची वजनं बदलली आहेत. कल असलेल्या मुलाला तेवढ्याच खाण्यानं जास्त चढतं, म्हणून त्याच्यासाठी घरचा दिनक्रम जास्त महत्त्वाचा. तुम्ही दोघं जाड असाल तर बदल तिघांनी मिळून करा. एकट्या मुलाच्या ताटातली पोळी मोजणारं घर त्याला शत्रू वाटू लागतं.

६. भाकरी सुटली आणि पोळी आली म्हणून हे होतंय का? पुन्हा ज्वारी सुरू केली तर वजन उतरेल?

मराठवाडा ज्वारीचा मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती'सारखं वाण दिलं, हुरड्यासाठी लोक अजून गाव गाठतात. पण शेतात सोयाबीन आणि कापूस आला, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि ताटातली भाकरी मागे सरली. भाकरी परत यावी असं मलाही मनापासून वाटतं. तरी खरं ते सांगितलं पाहिजे: ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरींचा फरक नगण्य आहे. १०० ग्रॅमला दोन्हीत सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या आसपास. चार भाकरी खाऊन वजन उतरत नाही.

फरक पडतो तो सोबत काय येतं यानं. भाकरीला तेल लागत नाही. घडीच्या पोळीला आत-बाहेर लागतं, पराठ्याला आणखी. भाकरी चावून खावी लागते, म्हणून पोट भरल्याचं वेळेत कळतं. आणि भाकरीबरोबर सहसा मेथी, अंबाडी, शेपू, पातळ वरण, येसर आमटी येते; सॉसची बाटली येत नाही. ही सगळी जोडी परत आली तर उपयोग. भाकरी तीच, पण वर तर्रीचं बोटभर तेल आणि बाजूला वाटीभर शेव, तर नाही.

तेलाचा हिशोब महिन्याच्या किराण्यातून करा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, एका लहान भाकरीइतक्या. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चार माणसांना महिन्याला तीन किलो पुरतं. तुमच्या घरी पाच-सहा किलो संपत असेल तर कुठे जातं ते शोधा. शेंगदाण्याची चटणी चांगली आहे, तीही चमच्यानं, वाटीनं नको.

७. पाच-दहा रुपयांच्या पुडीनं आणि एका थंड पेयानं असं काय होणार आहे?

एकानं काही होत नाही. रोज होतं म्हणून होतं. वेफर्ससारख्या तळलेल्या खाऊत १०० ग्रॅमला ५०० ते ५५० कॅलरी असतात, आणि पोट मात्र भरत नाही. थंड पेयात १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे २५ ग्रॅमच्या वर, पाच-सहा चमचे. मोठ्या माणसानंसुद्धा दिवसभरात वरून घेतलेली साखर साधारण एवढ्यावरच थांबवावी, असं पोषणतज्ज्ञ सांगतात. आंब्याच्या बाटलीबंद पेयात साखर याहून कमी नसते; चित्रातल्या आंब्यावर जाऊ नका.

पूर्ण बंदी घातली की चोरून खाणं सुरू होतं. त्याऐवजी घरात साठा ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर सगळ्यांनी मिळून खा, चवीनं खा. रोजच्यासाठी भाजके शेंगदाणे, फुटाणे, मुरमुऱ्याची सुशीला, उकडलेली अंडी, पेरू, बोरं, काकडी. पाहुण्यांनाही सांगा की येताना पुडा आणू नका, केळी आणा.

शाळेचं म्हणाल तर नियम आहे. महाराष्ट्र शासनानं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली, आणि केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे लेखी मांडा.

८. चहा-बिस्किटानं वजन वाढतं का?

दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे साखरेचा चहा आणि प्रत्येक वेळी चार बिस्किटं, एवढं एका जेवणाइतकं भरतं. गुळाचा चहासुद्धा गोडच. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोहही अंगी कमी लागतं, आणि या वयातल्या मुलींना ते आधीच कमी असतं. एक कप, कमी गोड, जेवणापासून तासभर लांब.

९. पोराला नीटच्या क्लासला लातूरला ठेवलंय. एका वर्षात दहा किलो वाढलं. मेस बदलू का?

दोष बहुतेक वेळा एकट्या मेसचा नसतो. गावाकडचं जे मूल रोज शाळेला दोन किलोमीटर चालायचं, सुट्टीत शेतात राबायचं, ते अचानक दिवसाचे बारा-चौदा तास खुर्चीवर बसतं. भूक मात्र जुनीच राहते. त्यात सकाळी क्लासच्या घाईत नाश्ता हुकतो, दुपारी भात आणि बटाट्याची भाजी, रात्री अकरा-बाराला गाड्यावरचं काहीतरी, कारण जागायचं असतं. एकटेपणा आणि परीक्षेची धास्तीही तोंड चालू ठेवायला लावते. घरी फोनवर मूल 'जेवलो' एवढंच सांगतं.

आधी झोपेकडे बघा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि नेमकं गोड-तळलेलं खावंसं वाटतं. पाच तास झोपून केलेला अभ्यास लक्षातही कमी राहतो, हे मुलांना पटवून सांगितलं तर ती ऐकतात, कारण त्यांना गुणांची काळजी आहे.

मेसवाल्याशी भांडण्यापेक्षा नेमकं मागा: रोज एक उसळ किंवा घट्ट वरण, एक पालेभाजी किंवा कोशिंबीर, आणि आठवड्यातून तीनदा अंडी किंवा दही. चार पालकांनी मिळून मागितलं तर मिळतं. खोलीवर फुटाणे, शेंगदाणे, फळं ठेवायला सांगा. घरून पाठवायचा डबा शंकरपाळ्या आणि चिवड्यानं भरू नका. माया त्यातूनच पोचते असं नाही. खोली क्लासपासून वीस मिनिटांच्या अंतरावर घेतली तर जाऊन-येऊन चाळीस मिनिटं चालणं होतं. भाडंही कदाचित कमी लागेल.

आणि बारावी झाल्यावर बघू, असं म्हणू नका. दोन वर्षांत चढलेलं वजन निकालानंतर आपोआप उतरत नाही.

१०. उन्हाळ्यात ४२ डिग्री असतं. लेकरं खेळणार कधी?

५ ते १७ वयाला दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणारी, म्हणजे उड्या, सूर्यनमस्कार, जोर-बैठका, मल्लखांब. मार्च ते जून सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. तास सलग नको. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. दोरीच्या उड्यांना गच्ची पुरते. पाणी भरणं, अंगण झाडणं, दुकानातून सायकलवर सामान आणणं हेही मोजा. टँकरच्या दिवसांत हंडे वाहणाऱ्या मुलीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, तिला पोटभर जेवणाची आहे.

११. मुलगी मोठी झाली. आता तिला मैदानावर पाठवणं बरं दिसत नाही. घरकाम करते, पुरेसं नाही का?

पुरेसं नाही. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलींच्या अंगात चरबीचं प्रमाण निसर्गतःच वाढतं, आणि नेमक्या त्याच वर्षी आपण तिचं खेळणं बंद करतो. सातवीत पळणारी मुलगी नववीत व्हरांड्यात बसलेली दिसते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण इथे औषधाची किंवा पैशाची अडचण नसते, परवानगीची असते.

धाराशिवच्या सारिका काळे खो-खोत भारताच्या कर्णधार झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ही आपल्याच मातीतली मुलगी. सगळ्यांना पुरस्कार मिळवायचा नाही, पण मैदान सगळ्यांचं आहे. काळजी सुरक्षिततेची असेल तर चार-पाच मैत्रिणींचा गट करा, एका आईनं सोबत जावं, शाळेनं सुटल्यावर तासभर मैदान उघडं ठेवावं. पाळीच्या दिवसांतही खेळलेलं चालतं. शाळेत स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे मात्र विचारा. कित्येक मुली त्यापायी खेळ सोडतात.

१२. नवरात्राचे उपवास किंवा रोजे धरल्यानं वजन कमी होतं का?

श्रद्धेनं धरा, वजनासाठी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाटा आले की एक बशी जेवणाहून जड होते. नऊ दिवसांच्या उपवासानंतर वजन वाढलेली मुलं नेहमी भेटतात. भगर, ताक, फळं, राजगिरा हे त्यातल्या त्यात बरं. रोज्यात इफ्तारला भजी-समोसे आणि सरबतावर तुटून पडण्याऐवजी खजूर, पाणी, फळं घ्या, थोडं थांबा आणि मग नेहमीचं जेवण; सहरी चुकवू नका. मूल मधुमेहाच्या औषधावर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा रोजा धरू देऊ नका.

१३. महिन्याला किती किलो कमी करायचं? एक डाएट चार्ट द्या.

चार्ट देणार नाही, आणि त्याचं कारण आहे. १३ ते १५ वयाच्या मध्यम हालचालीच्या मुलाला दिवसाला सुमारे २८६० कॅलरी लागतात, मुलीला २४००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हा हिशोब आहे. हे उंची वाढण्याचं वय आहे. इंटरनेटवरचा १२०० कॅलरीचा चार्ट दिला तर वजन उतरेल, सोबत उंची, स्नायू आणि रक्तही उतरेल.

ज्याची उंची अजून वाढायची आहे आणि वजन थोडंच जास्त आहे, त्याचं वजन वर्षभर आहे तिथे टिकवलं तरी पुरतं. उंची वाढते आणि बीएमआय आपोआप खाली येतो. वजन खूपच जास्त असेल किंवा उंची थांबली असेल तर उतरवावं लागतं, हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. रोज काट्यावर उभं करू नका. महिन्यातून एकदा पुरे.

१४. घरचे, नातेवाईक 'ढोल्या', 'गोलू' म्हणतात. चिडवल्यावर तरी सुधारेल ना?

नाही. चिडवलेलं मूल लपून खातं, आरशाला टाळतं, खेळणं सोडतं आणि वजन आणखी वाढतं. लग्नकार्यात पाहुण्यांसमोर वजनाचा विषय निघाला की तिथेच थांबवा, मुलाच्या देखत थांबवा. त्याला कळू द्या की आपली बाजू घेणारं कुणी आहे. आजीचा 'खात्यापित्या घरचं दिसतंय' हा आनंद समजून घ्या. तिनं दुष्काळ पाहिला आहे, ७२ साली मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. तिच्याशी वाद नको. तिच्या हातचं धपाटं, अंबाडीची भाजी मागा. तिला वाढायचंच आहे.

१५. मानेवर काळा पट्टा आलाय. कितीही घासलं तरी निघत नाही. मळ आहे का?

मळ नाही, घासू नका. मान, काखा, जांघा इथली कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होणं ही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. कुठल्याही मलमानं ती मुळातून जात नाही. असा पट्टा आणि जादा वजन दोन्ही असेल तर रक्तातली साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), चरबी, यकृताची तपासणी आणि रक्तदाब एवढं करून घ्या, मूल दहा वर्षांचं असलं तरी. टाइप २ मधुमेह आता या वयातही आढळतो. वजन आटोक्यात आलं की पट्टाही फिका होत जातो.

१६. मुलीची पाळी दोन-तीन महिने येत नाही. पीसीओडी आहे का?

पहिली पाळी येऊन एक-दोन वर्षंच झाली असतील तर अनियमितपणा बहुतेक वेळा नैसर्गिक असतो. नुसत्या सोनोग्राफीवरून या वयात पीसीओडीचं, म्हणजे अंडाशयाशी जोडलेल्या संप्रेरकांच्या बिघाडाचं, लेबल लावू नये. पण दोन वर्षं उलटून गेल्यावरही पाळी दीड महिन्याहून जास्त लांबत असेल, हनुवटीवर राठ केस किंवा खूप मुरुमं असतील, मानेवर पट्टा असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. वजन थोडं जरी उतरलं तरी पाळी सुधारते. 'लग्नानंतर होईल नीट' म्हणून सोडून देऊ नका.

१७. विचारायला संकोच वाटतो. मुलाची छाती वाढल्यासारखी दिसते आणि लिंग फार लहान वाटतं.

हा प्रश्न खूप पालक विचारतात, संकोच करू नका. पोटाखालच्या चरबीत लिंग दबलेलं असतं, म्हणून लहान दिसतं. डॉक्टर चरबी दाबून मोजतात तेव्हा बहुतेकदा ते वयाप्रमाणेच निघतं. वयात येताना मुलांची छाती थोडी वाढणं नेहमीचं आहे, सहसा दोन वर्षांत ती बसते. जादा वजनात नुसती चरबीही असू शकते. एकदा तपासून घ्या, आणि मुलाला ते 'नॉर्मल' आहे असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. १४ वर्षं पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू झालेली नसेल, तर मात्र पुढची तपासणी हवी.

१८. थायरॉईडमुळेच असेल ना? गोळी सुरू करू का?

बहुतेक वेळा नाही. खाण्या-हालचालीनं जाड झालेलं मूल वर्गात सहसा उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र अडकली आहे, अशा वेळी थायरॉईड किंवा दुसऱ्या संप्रेरकांचा विचार करावा. पोटावर जांभळे रुंद चट्टे, चेहरा गोल होत जाणं, हीही लक्षणं सांगा. लठ्ठपणात टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) जरासा वाढलेला येतो, तो वजन कमी झाल्यावर खाली येतो. त्यासाठी लगेच गोळी लागत नाही.

दम्याच्या, त्वचेच्या किंवा किडनीच्या आजारासाठी तोंडावाटे स्टिरॉइड चालू असेल, फिट्सची किंवा मनोविकाराची काही औषधं असतील, तर त्यांनीही वजन वाढतं. ती एकाएकी बंद करणं धोक्याचं आहे. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.

१९. वजन जास्त असलेला मुलगा लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो. वजनानंच असेल?

हे थांबून राहण्यासारखं दुखणं नाही. वाढीच्या वयातल्या जाड मुलांत खुब्याच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीवरून सरकू शकतो, आणि दुखणं मात्र मांडीत किंवा गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो आणि महिने वाया जातात. लंगडत असेल, पाय बाहेर वळत असेल, तर चालणं बंद करून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि खुब्याचा एक्स-रे मागा. मालिश, शेक, बांधणी करायची नाही.

तितकीच घाई आणखी काही लक्षणांत करा: डोकेदुखीसोबत उलटी किंवा अंधुक दिसणं, किंवा एकदम खूप तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं. झोपेत मोठ्यानं घोरून श्वास अडकत असेल तर तेही लवकर दाखवा.

२०. वजन उतरवायच्या पावडरी, काढे, जिममधली इंजेक्शनं यांचं काय?

दुकानातली पावडर, निनावी चूर्ण, जिममधल्या कुणी सुचवलेलं इंजेक्शन, यांपैकी काहीही या वयात नको. काही चूर्णांत स्टिरॉइड किंवा जुलाबाची औषधं मिसळलेली निघतात. लठ्ठपणावरची खरी औषधं आहेत, पण फार थोड्या मुलांना लागतात, आणि तो निर्णय मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञाचा.

२१. खासगीत परवडत नाही. दाखवायचं कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. मुख्याध्यापकांना तारीख विचारा आणि तुमच्या मुलाचं वजन-उंची लिहून घ्या. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. पुढे लागलं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना जन्माचं वजन, आधीच्या वजन-उंचीच्या नोंदी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि आईबापाच्या घरात मधुमेह असल्यास ती माहिती न्या.

२२. आधी जाड होती, आता मुलगी जेवायलाच तयार नाही. झपाट्यानं उतरली. आनंद मानायचा का?

नाही, काळजी करायची. जेवणाच्या वेळी बहाणे, जेवून लगेच बाथरूममध्ये जाणं, रोज अनेकदा वजन करणं, पाळी थांबणं, चक्कर, केस गळणं, सतत थंडी वाजणं, ही खाण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. वजन आधी जास्त होतं म्हणून घरचे आणि कधी डॉक्टरही याकडे कौतुकानं बघतात, तिथेच वेळ जातो. आधी साखरेची तपासणी करून घ्या, कारण नव्यानं झालेल्या मधुमेहातही असंच वजन उतरतं (प्रश्न १९). ती ठीक असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना दाखवा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मुलगी स्वतः बोलली तरी चालतं, तुम्ही बोललात तरी चालतं.